जमिनीपासूनची उंची : इटियाडोह परिसरातून आसनांचा इतिहास

खुर्ची, पलंग, बाक, चौरंग आणि पाट या वस्तू रोजच्या वापरातल्या असल्या तरी त्यांचा इतिहास आजवर बहुधा राजवाड्यांच्या आणि नामांकित कारागिरांच्या आधाराने लिहिला गेला आहे. इजिप्तमधल्या राजघराण्यातील आसनांपासून तो सुरू होतो, ग्रीकांच्या वळणदार पायांच्या ‘क्लिस्मॉस’ नावाच्या खुर्चीवर थोडा थांबतो, लंडनच्या थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकाकडे येतो आणि तेथून मिखाएल थोनेटच्या १८५९ च्या खुर्चीवरून १९२० च्या दशकात जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत आकाराला आलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतो. हा क्रम चुकीचा नाही. मात्र तो ज्या पुराव्यावर उभा आहे, त्या पुराव्याचे स्वरूप आधी लक्षात घेतले पाहिजे. गिझा येथे १९२५ मध्ये हेतेफेरेस राणीची कबर सापडली तेव्हा तिच्या खुर्चीचे लाकूड साडेचार हजार वर्षांत कुजून भुगा झालेले होते, आणि त्यावर मढवलेला सोन्याचा पत्रा ज्या ठेवणीत खाली पडला होता तिच्यावरूनच अभ्यासकांना ती खुर्ची पुन्हा उभी करता आली. ज्या घरांत लाकडाला सोन्याचे मढण नव्हते, जेथे वाळवी आणि पावसाळा दरवर्षी आपला वाटा नेत होते आणि मोडकी बाज अखेर चुलीत जात होती, त्या घरांतील आसनांचा इतिहास त्यामुळे लिहिलाच गेला नाही. प्रस्तुत विवेचन तो या दुसऱ्या बाजूने, म्हणजे लाकूड जेथे उगवते त्या प्रदेशातून, पाहू इच्छिते.

त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील इटियाडोहचा परिसर होय. गाढवी नदीवर १९७० मध्ये पूर्ण झालेले इटियाडोह हे मातीचे धरण, त्याच्या जवळचे गोठणगाव, उत्तरेकडचा नवेगावबांधचा तलाव आणि भोवतालचे पानझडी जंगल हा सगळा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भाचा भाग आहे. धान हे येथील मुख्य पीक, आणि तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने शतकानुशतके राखलेली पाण्याची व्यवस्था हा त्या शेतीचा आधार. जंगलात साग आहे, बिजा आहे, ऐन, हळदू, शिवण, तेंदू आणि मोह आहेत, आणि बांबू विपुल आहे. या ठिकाणाहून पाहू लागले की आसनांच्या इतिहासातील मुख्य प्रश्नच बदलतो. खुर्चीच्या पायाचा घाट कोणत्या शतकात कसा होता, यापेक्षा माणूस जमिनीपासून किती उंचीवर बसत होता, त्या उंचीवर बसण्याचा अधिकार कोणाला होता आणि त्यासाठी लागणारे लाकूड कोणाच्या ताब्यात होते, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. शैलीचा इतिहास या प्रश्नांच्या उत्तरांतून घडत जातो, अशी प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे.

भारतीय परंपरेत लाकडाचा विचार किती बारकाईने झालेला होता हे वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या सहाव्या शतकातील ग्रंथावरून दिसते. शय्या आणि आसने यांच्या लक्षणांसाठी त्यात स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पलंग आणि आसन यांसाठी शुभ मानलेल्या झाडांची जी यादी दिली आहे, तिच्यात असन म्हणजे बिजा, हरिद्रा म्हणजे हळदू, तिंदुकी म्हणजे तेंदू, काश्मरी म्हणजे शिवण आणि शाक म्हणजे साग यांचा समावेश होतो. म्हणजे उज्जयिनीच्या पंडिताने नोंदवलेल्या झाडांपैकी निदान पाच आजही नवेगावबांध आणि इटियाडोहच्या जंगलात उभी आहेत. वीज पडून, वाऱ्याने उन्मळून किंवा हत्तीने मोडून पडलेल्या झाडाचे लाकूड वापरू नये, असेही तो अध्याय सांगतो. या निषेधाला शकुनाची भाषा असली तरी तिच्यामागे सुताराचा अनुभव असावा, असे मानायला जागा आहे, कारण धक्क्याने पडलेल्या झाडाच्या गाभ्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि त्या पुढे सांध्याशी उघडतात.

उंच आसन आणि अधिकार यांचा संबंध या परिसरात फार जुना आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आले. पवनीच्या शिल्पांमध्ये मुचलिंद नागाचे एक शिल्प आहे. नागाने आपला फणा पसरलेला आहे आणि त्या फण्याखाली रिकामे आसन आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी त्याचे अस्तित्व अशा रिकाम्या आसनाने, बोधिवृक्षाने किंवा पावलांच्या ठशांनी सूचित केले जाई. आसन हे बसणाऱ्याचे प्रतीक कसे होते याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. पुढे सातव्या शतकात वेरूळच्या दहाव्या लेण्यात बुद्ध सिंहासनावर पाय खाली सोडून बसलेला दिसतो. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात आणि ती आजच्या खुर्चीवरच्या बैठकीच्या सर्वांत जवळची आहे. त्या लेण्याच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत आणि त्या लाकडी घराच्या वाशांचे अनुकरण करतात. विश्वकर्मा लेणे आणि ‘सुताराची झोपडी’ ही त्याची लोकप्रचलित नावे या छतावरूनच पडली असावीत. याचा अर्थ पाय खाली सोडून बसण्याची कल्पना या भूमीला परकी नव्हती. ती देवाची, बुद्धाची आणि राजाची बैठक होती, आणि इतरांनी तशी बसायची नव्हती, एवढेच.

मराठेशाहीतही हाच भेद दिसतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसले, ते सार्वभौमत्व जाहीर करण्यासाठी. एरवीचा कारभार गादी, लोड आणि तक्क्या यांवर, म्हणजे जमिनीलगतच्या बिछायतीवर, चालत असे. पेशव्यांच्या दरबारात १७९० मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने केलेल्या तहाचे जे चित्र टॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये पूर्ण केले, त्यात पेशव्यांच्या गादीसमोर इंग्रज पाहुणेही बिछायतीवरच बसलेले आहेत. पुढच्या अर्धशतकात ही स्थिती पार उलटली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि तेव्हापासून रयतेने उभे राहायचे व अधिकाऱ्याने खुर्चीवर बसायचे, हा कचेरीचा शिरस्ता झाडीपट्टीच्या गावागावांत पोहोचला.

त्या काळापर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ गावातल्या घरात तीनच आसने होती : पाट, पिढा आणि बाज. पाट म्हणजे दोन आडव्या पट्ट्यांवर ठोकलेली फळी. जेवणाला आणि पूजेला ती पुरते. पिढा हा चार बुटक्या खुरांचा, दोरीने विणलेला, जमिनीपासून वीतभर उंच असलेला बसायचा तुकडा. बाज मात्र नीट पाहण्यासारखी वस्तू आहे. तिला चार खूर, दोन लांब आणि दोन आखूड आडवी लाकडे असतात. आडव्या लाकडाचे टोक तासून जिभेसारखे केलेले असते, त्याला कुसू म्हणतात, आणि ते खुरात पटाशीने पाडलेल्या चौकोनी भोकात बसते. एकाच खुरात दोन बाजूंनी दोन कुसू शिरत असल्यामुळे भोके किंचित वरखाली घ्यावी लागतात, नाहीतर खुराला दम राहत नाही. खिळा किंवा सरस यांचा येथे उपयोग नसतो. अंबाडीच्या सुतळीची वीण जसजशी ताणली जाते तसतशी चारही लाकडे आपोआप सांध्यात घट्ट बसतात, म्हणजे ज्या दोरीवर माणूस निजतो तीच दोरी चौकट बांधून धरते. पायथ्याशी हातभर जागा वीण न करता सोडलेली असते आणि तेथे उभी दोरी ओढून बांधलेली असते. बाज झोळ झाली की ही दोरी सोडून पुन्हा आवळायची, एवढीच तिची दुरुस्ती. गावचा सुतार नांगर, वखर आणि बैलगाडी यांच्या कामातून सवड काढून ती करी आणि मोबदला सुगीला धानाच्या रूपाने घेई. रचनेच्या काटकसरीच्या दृष्टीने ही बाज जगातल्या कोणत्याही नामांकित खुर्चीच्या पंक्तीला बसणारी आहे, आणि तिला ‘आदिम’ म्हणून बाजूला सारणारे लेखन रचनेकडे पाहतच नाही, असे येथे स्पष्टपणे म्हणावे लागते.

जमिनीलगत बसण्याची ही रीत गरिबीतून आली, असे म्हणण्याची प्रथा आहे. गरिबीचा वाटा नाकारता येत नाही, पण कामाचा वाटा त्याहून मोठा आहे. निवडणे, पाखडणे, सडणे, निंदणे ही धानाच्या शेतीतली आणि घरातली कामे उकिडवे किंवा मांडी घालून होतात. गोंदिया-भंडाऱ्याचा जुना बिडी-उद्योग तर संपूर्णपणे जमिनीवरच उभा राहिला : विडी वळणारी बाई भिंतीला पाठ लावून बसते, मांडीवर सूप घेते, त्यात एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला कापलेली तेंदूपाने ठेवते, आणि दोन्ही हात त्या सुपाच्या वर सतत फिरते ठेवते. हातांच्या खुर्चीत बसून हे काम करता येत नाही. म्हणून ज्या घरांत खुर्ची आली, त्या घरांतही बाईचे काम पुष्कळ काळ जमिनीवर राहिले आणि खुर्ची ओसरीत पुरुषांच्या व पाहुण्यांच्या वाट्याला गेली.

उंचीचा दुसरा पैलू यापेक्षा कठोर आहे आणि शैलीच्या चर्चेत तो गाळता येणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर धाकट्याने बाजेवर बसू नये हा घरातला संकेत होता. गावात त्याचेच रूप असे होते की ‘अस्पृश्य’ ठरवलेल्या माणसाने सवर्णासमोर बाजेवर, कित्येकदा स्वतःच्या दारातल्या बाजेवरही, बसायचे नव्हते. साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे आणि ते तरट रोज परत न्यावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक ज्या भंडारा मतदारसंघातून लढवली, त्याच भंडारा जिल्ह्यात तेव्हा आजचा सारा गोंदिया जिल्हा मोडत होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. आसनाच्या उंचीवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात खुर्चीवर बसणे ही हक्काची गोष्ट होते, आणि विसाव्या शतकात साध्या लोकांना खुर्चीबद्दल जी ओढ वाटली तिला ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

या प्रदेशात खुर्ची ज्या वाटांनी आली त्यांतली एक मालगुजाराच्या वाड्यातून गेली. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा आणि गावावर मालकी सांगणारा जमीनदार. १९५० च्या कायद्याने ही पद्धत संपली. त्याच्या वाड्याच्या बैठकीत गादी-लोड होते, ओसरीवर बंगई म्हणजे झोपाळा होता, आणि दौऱ्यावरच्या साहेबासाठी दोन-चार खुर्च्या राखून ठेवलेल्या असत. दुसरी वाट जंगलातल्या विश्रामगृहांची. तेथे जी लांब हातांची आरामखुर्ची असे, तिच्या हातांखाली फिरत्या फळ्या बसवलेल्या असत. त्या पुढे ओढल्या की घोड्यावरून उतरलेला अधिकारी त्यांवर पाय पसरू शके. तिची बैठक वेताच्या जाळीची असे, कारण उष्ण हवेत गादीपेक्षा जाळी सुखाची. ही जाळी मूळची आशियातली; सतराव्या शतकात व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून वेत युरोपात गेला, लंडनच्या खुर्च्यांत बसला, आणि दोनशे वर्षांनी वसाहतीच्या खुर्चीतून परत आला. याच काळात मुंबईत शिसवी लाकडाच्या, दाट कोरीवकामाच्या खुर्च्या व कोच बनत होते; त्यांचा आकार व्हिक्टोरियन आणि वेलबुट्टी गुजराती-मराठी कारागिरांच्या हातची. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली असा संकर त्याही आधी, सतराव्या शतकापासून, घडत होता. झाडीपट्टीत या श्रीमंत शैलींचे दूरचे प्रतिध्वनीच पोहोचले : कोरलेली एखादी पाठ, खरादावर उतरवलेले गोल पाय.

येथून बाहेर जे गेले ते मात्र दूरचे किंवा थोडे नव्हते. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली, आणि लोहमार्ग वाढले तसे रुळांखाली घालायच्या आडव्या तुळयांसाठी मध्य प्रांतातील झाडे मोठ्या प्रमाणावर तुटू लागली. गावकऱ्यांकडे उरला तो निस्तार, म्हणजे घरबांधणी, कुंपण, शेतीची अवजारे आणि जळण यांपुरते लाकूड व बांबू जंगलातून घेण्याची ठरावीक सवलत. नांगराला लाकूड मिळे. खुर्चीला लागणारा चांगला साग सरकारी आगारात जाऊन हर्रासात, म्हणजे जाहीर लिलावात, विकला जाई आणि मोठे व्यापारी तो उचलत. ही घडी आजही फारशी मोडलेली नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या आगारातून सागवान गेले, याचा पूर्व विदर्भाला सार्थ अभिमान वाटला. त्याच सागाच्या सावलीत राहणाऱ्या घरांत मात्र सागाची खुर्ची दुर्मीळ राहिली. आसनांच्या इतिहासात लाकडाच्या मालकीचा प्रश्न अग्रभागी आणला पाहिजे तो यासाठी.

लाकडाची टंचाई आणि कारखानदारी यांनी मिळून पुढची पावले ठरवली. थोनेटच्या १८५९ च्या खुर्चीत वाफेने वाकवलेले बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जगात कोठेही धाडता येत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोल बैठकीच्या खुर्च्या याच जातीच्या. १८९७ मध्ये मुंबईत कुलपांच्या धंद्याने सुरू झालेल्या गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट आणले, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी कचेऱ्या लोखंडी कपाटे व नळ्यांच्या खुर्च्या यांनी भरून गेल्या. इटियाडोहसारखी धरणे, त्यांच्या वसाहती, पंचायत समित्या, शाळा आणि बँकांच्या शाखा यांबरोबर हे पोलादी सामान तालुक्याच्या गावांत आले. त्यानंतर आली प्लास्टिकची खुर्ची. फ्रान्समध्ये आंरी मासोने याने १९७२ मध्ये तिचे एक प्रभावी रूप बाजारात आणले. पॉलिप्रोपिलीन वितळवून एकाच साच्यात, सांधा न ठेवता, अख्खी खुर्ची काही क्षणांत ओतली जाते. ती हलकी, एकावर एक रचता येणारी, पावसाने न बिघडणारी आणि स्वस्त असते. सौंदर्याच्या नावाने तिची निंदा करणारे पुष्कळ आहेत. पण ग्रामसभेत, लग्नाच्या मांडवात आणि दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या जत्रेत सर्वांना एकाच उंचीवर, एकाच रंगाच्या आसनावर बसवण्याचे काम या खुर्चीने केले, आणि ते कोणत्याही राजशैलीने केले नव्हते. तिचा दोष वेगळा आहे : ती मोडली की सुताराकडे नेता येत नाही.

या प्रवाहाशी समांतर जाणारी एक बैठक गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत आढळते. १९७२ मध्ये वसलेल्या नॉर्ग्येलिंग या वसाहतीतील कुटुंबांची परंपरा बुटक्या, रुंद, पलंगवजा बैठकीची आहे. भिंतीच्या कडेने ती मांडतात, तिच्यावर माणूस निजू शकेल एवढा लोकरी गालिचा अंथरतात, त्याला खादेन म्हणतात, आणि समोर चोकत्से नावाचे रंगवलेले, घडी होणारे बुटके मेज ठेवतात. दिवसा बसायचे आणि रात्री निजायचे आसन एकच, ही कल्पना झाडीपट्टीच्या बाजेतही आहे. हिमालयापलीकडची थंडी आणि धानाच्या मुलखाचा उकाडा यांनी एकाच गरजेला एकाने लोकर आणि दुसऱ्याने उघडी वीण अशी दोन उत्तरे दिली. ती आज काही किलोमीटरांच्या अंतरात शेजारी नांदत आहेत, आणि त्यांचा तौलनिक अभ्यास मराठीत व्हायला हवा.

आज गावच्या सुताराला जे काम मिळते त्यातले बरेच आंदणाचे, म्हणजे लग्नात मुलीला द्यायच्या सामानाचे असते. पलंग, दिवाण, आरशाचे मेज आणि सोफा यांचे नमुने तो मोबाइलवर पाहतो, चौकट साध्या लाकडाची करतो आणि वर प्लायवूड व सनमायका लावतो. शहरातून येणारे तयार सामान याहून स्वस्त पडू लागले की तेही काम जाते. बांबूच्या बाबतीत मात्र काही हालचाल झाली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने बांबूवरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ मध्ये जंगलाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. आणि चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. बांबूच्या खुर्चीसाठी सागाच्या हर्रासात उतरावे लागत नाही, आणि बुरडाच्या हातात तिचे निम्मे कसब आधीच आहे.

अशी खुर्ची येथे घडायची असेल तर तिच्या बैठकीची उंची किती असावी, हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. बाजारातल्या खुर्च्यांची सुमारे ४५ सेंटिमीटरची उंची युरोपीय शरीरमापांच्या चालीने आलेली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून भारतीय मापे उपलब्ध आहेत, आणि त्यांनुसार पाहता ही उंची सर्वसाधारण भारतीय स्त्रीला जास्त होते. तिचे पाऊल जमिनीवर पुरते टेकत नाही आणि मांडीखालच्या शिरा दाबल्या जातात. शिवाय खुर्चीत मांडी घालून बसण्याची सवय येथे सार्वत्रिक आहे, तिला रुंद आणि बिनहातांची बैठक लागते. पिढ्याची वीतभर उंची, बाजेची गुडघ्याएवढी उंची आणि कचेरीतल्या खुर्चीची उंची या तिन्हींची मापे अर्जुनी मोरगाव तालुक्यातील घरोघरच्या जुन्या वस्तूंवरून, त्या चुलीत किंवा भंगारात जाण्यापूर्वी, फुटपट्टी लावून नोंदवता येण्यासारखी आहेत, आणि प्रत्येक वस्तूच्या नोंदीत तिचे लाकूड, तिचा सांधा, ती घडवणाऱ्याचा मोबदला आणि तिच्यावर घरातले कोण बसत असे व कोण बसत नसे, एवढ्या गोष्टी आल्या पाहिजेत.